अक्षक, जत्रु आणि ‘क्लॅव्हिकल’ : ध्वनिसाम्य म्हणजे अर्थसाम्य नव्हे

शास्त्राचा निम्मा व्यवहार संज्ञांवर चालतो. निदान कितीही अचूक असले, तरी ते ज्या शब्दांत नोंदविले जाते त्या शब्दांचा अर्थ लिहिणाऱ्याने एक आणि वाचणाऱ्याने दुसरा घेतला, तर त्या अचूकतेचा रुग्णाला काहीच उपयोग होत नाही. आयुर्वेदाच्या पदवीधरावर याबाबतीत तिहेरी भार असतो. संहितेतील संस्कृत संज्ञा, आधुनिक शारीरातील लॅटिन-ग्रीक मुळाच्या संज्ञा आणि रुग्णाच्या तोंडची मराठी या तिन्ही त्याला एकाच केसपेपरवर आणाव्या लागतात. अशा वेळी बहुतेकांचा आधार ध्वनीचा असतो. एक शब्द दुसऱ्यासारखा ऐकू आला की दोघांचा अर्थही जवळपासचाच असावा, असे मन सहज गृहीत धरते. हे गृहीत कितपत टिकते, याची परीक्षा एका लहानशा हाडाच्या निमित्ताने करावी, असे आम्ही योजिले आहे. ते हाड म्हणजे अक्षक, अर्थात आधुनिक शारीरातील क्लॅव्हिकल.

किल्लीचे हाड

अक्षकाची ओळख वैद्यबांधवांना नव्याने करून देण्याचे कारण नाही. उरोस्थीपासून खांद्यापर्यंत त्वचेखाली आडवे जाणारे हे हाड बोटाने सहज चाचपता येते. गर्भावस्थेत अस्थिभवनाला सर्वप्रथम प्रारंभ होतो तो याच हाडात, आणि त्याचे उरोस्थीकडील टोक पूर्णपणे जुळून येण्यास मात्र वयाची पंचविशी उजाडावी लागते. खांद्यावर किंवा पसरलेल्या हातावर पडल्यास मोडणाऱ्या हाडांत त्याचा क्रमांक वरचा असून, हा भंग बहुधा त्याच्या मधल्या तृतीयांशात होतो.

‘क्लॅव्हिकल’ हे नाव लॅटिनमधील ‘क्लाविकुला’ या शब्दावरून आले आहे. ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली, आणि ‘क्लाविकुला’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, म्हणजे लहानशी किल्ली. जुन्या काळच्या किल्लीसारखा या हाडाला असलेला दुहेरी बाक हे या नावाचे एक स्पष्टीकरण दिले जाते. हात वर उचलताना हे हाड कुलुपातील किल्लीप्रमाणे स्वतःभोवती थोडे फिरते, हे दुसरे. ग्रीक भाषेतही किल्लीला ‘क्लेइस’ असाच शब्द आहे आणि तोच ‘स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड’ या मानेच्या पेशीच्या नावात मधोमध बसला आहे. स्टर्नम म्हणजे उरोस्थि, क्लायडो म्हणजे अक्षक आणि मॅस्टॉइड म्हणजे कानामागील उंचवटा, इतके ज्या विद्यार्थ्याला उमगले त्याला त्या पेशीचे उगम आणि निवेश वेगळे पाठ करावे लागत नाहीत. संज्ञेचे मूळ जाणण्याचा व्यावहारिक लाभ तो हाच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस मात्र या हाडाला ‘युगुलुम’ म्हणतो. ‘युगुम’ म्हणजे बैलांच्या मानेवरील जू, त्यापासून हा शब्द झाला. मानेतील मोठ्या शिरेला आज आपण ‘जुग्युलर’ म्हणतो ते याच शब्दावरून. आपल्या संस्कृतातील ‘युग’ आणि मराठीतील ‘जू’ हे या ‘युगुम’चे खरेखुरे सगोत्र होत. हे नाते कानाला जाणवलेल्या साम्यावर उभे नसून दोन्ही भाषांतील शेकडो शब्दांत नियमाने आढळणाऱ्या ध्वनिपरिवर्तनावर सिद्ध झालेले आहे. उलट ‘किल्ली’ आणि ‘क्लाविस’ यांचा आरंभ सारखा वाटतो म्हणून कोणी त्यांचे नाते जोडू लागेल, तर त्याला आधी असाच पुरावा द्यावा लागेल. केवळ कान हा साक्षीदार येथे ग्राह्य नाही.

एक ध्वनी, तीन मुळे

आता मुख्य मुद्दा. लॅटिनमध्ये एकमेकांसारखे ऐकू येणारे तीन शब्द आहेत. ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली, ‘क्लावुस’ म्हणजे खिळा आणि ‘क्लावा’ म्हणजे गदा किंवा सोटा. वैद्यकात व औषधनिर्माणात या तिघांचीही संतती नांदते आहे, आणि देवनागरीत येताना तिघेही ‘क्लॅव्ह’ होऊन बसतात.

किल्लीच्या घराण्यात क्लॅव्हिकल येते, त्यासोबत सबक्लेव्हियन रोहिणीही येते, आणि आपल्या शस्त्रकर्मगृहातील ऑटोक्लेव्हही येतो. ‘ऑटो’ म्हणजे स्वतः आणि ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली. आतील वाफेच्या दाबानेच ज्याचे झाकण घट्ट बसते ते पात्र, असा त्याचा अर्थ. या पात्राचा पूर्वज म्हणता येईल असे बंद भांडे दनी पापँ याने १६७९ मध्ये तयार केले ते हाडे मऊ करण्यासाठी, आणि पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने १८७९ मध्ये त्या तत्त्वाचा उपयोग निर्जंतुकीकरणासाठी केला. १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाब हे आपल्या परिचयाचे प्रमाण.

खिळ्याच्या घराण्यात पायाला होणारे कुरूप येते. सेल्ससने त्याला ‘क्लावुस’ म्हटले आणि त्वचारोगाच्या पुस्तकांत हेच नाव आजही आहे. सुश्रुताने क्षुद्ररोगांत ‘कदर’ वर्णन करताना त्याच्या काठिण्यासाठी ‘कील’ म्हणजे खिळ्याचीच उपमा योजिली आहे. दोन परंपरांतील दोन निरीक्षकांना एकाच विकारात खिळा दिसावा, हे त्यांच्या निरीक्षणाचे साम्य आहे. त्यासाठी शब्दांचे नाते जोडण्याची गरज नाही. याच घराण्यातला दुसरा वारस आपल्या औषधालयात रोज हाताळला जातो, तो म्हणजे लवंग. खिळ्यासारख्या आकारामुळे लॅटिनमधील ‘क्लावुस’ फ्रेंचमधून इंग्रजीत ‘क्लोव्ह’ होऊन आला. गंमत अशी, की लसणाच्या पाकळीलाही इंग्रजीत ‘क्लोव्ह’ म्हणतात, परंतु तो शब्द लॅटिन नसून ‘दुभंगणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूशी संबंधित आहे. दोन्हींचे लेखन व उच्चार एकच, द्रव्ये मात्र पूर्णपणे भिन्न. कल्पाचे इंग्रजी माहितीपत्रक छापणाऱ्या निर्मात्याने ‘क्लोव्ह’ एवढेच लिहून थांबू नये. लवंगेसाठी ‘सिझिजियम अॅरोमॅटिकम’ आणि लसणासाठी ‘अॅलियम सटायव्हम’ ही शास्त्रीय नावे जोडावीत, हे उत्तम. यांतील ‘सिझिजियम’चा मूळ ग्रीक अर्थ ‘एकत्र जुंपलेले’ असा असून तोही वर सांगितलेल्या जुवाच्याच गोत्रातला आहे.

गदेच्या घराण्यात दोन महत्त्वाची नावे आहेत. राय, बाजरी इत्यादी धान्यांवर पडणाऱ्या अरगट रोगाची बुरशी ‘क्लॅव्हिसेप्स’, म्हणजे गदेसारखे डोके असलेली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविणारे अर्गोमेट्रिन मूळचे याच बुरशीचे. दुसरे नाव क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड. ‘स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस’ या जिवाणूपासून ते मिळाले, आणि त्या जिवाणूच्या नावाचा अर्थ ‘लहान गदा धारण करणारा’ असा आहे. या दोघांचा किल्लीशी संबंध नाही, खिळ्याशी नाही आणि खांद्याच्या हाडाशी तर मुळीच नाही.

असे प्रकार एवढ्यावर संपत नाहीत. टाचेचे हाड ‘कॅल्केनियम’ आणि चुन्याचे ‘कॅल्शियम’ यांच्या मुळाशी ‘काल्क्स’ हा सारखाच उच्चारला जाणारा शब्द असला, तरी एक काल्क्स म्हणजे टाच आणि दुसरा काल्क्स म्हणजे चुनखडी. टाच दुखते म्हणून शंखभस्म देणाऱ्याने त्याचा आधार दोषदूष्यांत शोधावा, नावात नव्हे. श्रोणीच्या हाडाचे आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे नाव इंग्रजीत एका अक्षराने वेगळे आहे. देवनागरीत मात्र दोन्ही ‘इलियम’ होतात आणि तो एका अक्षराचा भेदही नाहीसा होतो. मराठीत अहवाल लिहिताना ‘श्रोणीचे हाड’ किंवा ‘लहान आतड्याचा शेवटचा भाग’ असे स्पष्ट लिहिण्याला म्हणूनच पर्याय नाही.

दवाखान्यात आणि औषधालयात

हा सारा शब्दच्छल आहे, त्यात वैद्याचे काय जाते, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर कामलेच्या रुग्णापासून देता येईल. कावीळ झाली की आपल्या समाजात रुग्ण प्रथम वैद्याकडे येतो. अॅमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड यांचे संयुक्त औषध यकृतावर परिणाम करून कामला उत्पन्न करू शकते, हे आता सुविदित आहे. विशेष म्हणजे औषध संपल्यानंतर काही आठवड्यांनीही हा त्रास प्रकट होऊ शकतो. रुग्ण जुनी चिठ्ठी दाखवितो. तिच्यावर एखादे व्यापारी नाव आणि पुढे ‘क्लॅव्ह’ एवढीच खूण असते. ती खूण न ओळखणारा वैद्य हेतुविचारातील एक महत्त्वाचा दुवा गमावतो. ओळखणारा वैद्य रुग्णाला ते औषध पुन्हा न घेण्याविषयी सांगतो, यकृताच्या तपासण्या करवून घेतो आणि आवश्यक तर पुढे पाठवितो. निदानपरिवर्जनाचे याहून सोपे उदाहरण कोणते?

औषधविक्रेत्याच्या दृष्टीने पाहिले, तर ‘क्लॅव्ह’ या खुणेमागे पेनिसिलिन गटाचे औषध दडलेले असते. पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या रुग्णाला ते नाव ऐकून काहीच बोध होत नाही, कारण त्या नावात पेनिसिलिनचा ‘पे’देखील नसतो. तेव्हा ‘आपल्याला पेनिसिलिन चालते ना?’ हा एक प्रश्न काउंटरवर विचारला जाणे जिवाच्या मोलाचे आहे.

आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांनीही येथे स्वतःकडे वळून पाहावे. पेटंट-प्रोप्रायटरी कल्पांना लॅटिन वळणाची नावे देण्याची हौस आपल्या क्षेत्रात वाढलेली आहे. दोन-तीन भारदस्त अक्षरे जुळविली की नाव तयार होते, परंतु ती अक्षरे दुसऱ्या एखाद्या औषधाची ओळख झालेली असतात, याचे भान राहत नाही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन औषधनामांचा वाद आला होता. दोन्ही नावे ‘फाल्सिपेरम’ या हिवतापाच्या परोपजीवीवरून घेतलेली, आणि त्या नावाच्या मुळाशी ‘फाल्क्स’ म्हणजे विळा हा लॅटिन शब्द. औषधांच्या बाबतीत नामसाम्यातून होणाऱ्या गोंधळाचा विचार इतर वस्तूंपेक्षा अधिक कठोरपणे झाला पाहिजे, असे तत्त्व न्यायालयाने त्या वेळी मांडले. या देशात एक समान भाषा नाही आणि इंग्रजी जाणणारे थोडे आहेत, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. मुळात एकच अर्थ असलेल्या शब्दावरून घेतलेली दोन नावे इतका गोंधळ करू शकतात, तर अर्थाने दूरचे पण ध्वनीने जवळचे शब्द किती करतील, याचा विचार निर्मात्यांनी परवान्यासाठी अर्ज करण्यापूर्वीच करावा.

आपल्या घरातील प्रश्न : अक्षक आणि जत्रु

लॅटिनच्या घरातील गोंधळ दाखविणाऱ्याने आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपण महाविद्यालयात क्लॅव्हिकलला ‘अक्षक’ म्हणतो. मराठीतील विज्ञानविषयक लेखनात त्यासाठी ‘जत्रुक’ हा शब्द आढळतो. शालाक्यतंत्राचे क्षेत्र सांगताना आपण ‘ऊर्ध्वजत्रुगत’ म्हणतो आणि जत्रु म्हणजेच गळ्याचे हाड, असा खुलासाही अनेक जण करतात. मग अक्षक आणि जत्रु एकच की दोन?

चरकाने ३६० अस्थींची गणना करताना अक्षक दोन सांगितले आणि जत्रु एक सांगितला. दोन्हींचा निर्देश स्वतंत्र आहे. गळ्याची हाडे दोन असल्यामुळे, एकच असलेला जत्रु म्हणजे क्लॅव्हिकल असू शकत नाही, हे साध्या गणिताने ठरते. पुढे अमरकोशात जत्रु शब्द द्विवचनात येतो आणि त्याचा संबंध खांद्याच्या सांध्याशी जोडला जातो. तेथून तो गळ्याच्या हाडाचा वाचक मानला जाऊ लागला. रुडॉल्फ हर्न्ले यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राचीन भारतीय अस्थिशास्त्रावरील ग्रंथात या शब्दाच्या बदलत गेलेल्या अर्थाची चर्चा केली आहे. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य करावेत असा आमचा आग्रह नाही, परंतु चरकाची गणना दृष्टीआड करता येत नाही.

व्यवहारात याने काय बिघडते? शालाक्याची सीमा सांगताना फारसे काही बिघडत नाही. ‘मानेच्या मुळापासून वर’ एवढा अर्थ दोन्ही रीतींनी निघतो. बिघडते ते नोंदींत. सुश्रुताने अपचीची स्थाने सांगताना हनुवटी, कक्षा, मन्या, गळा यांच्यासोबत अक्षकाचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. ही नेमकी स्थाननिश्चिती आजही तितकीच मोलाची आहे. डाव्या अक्षकाच्या वरच्या बाजूस लागणारी कठीण, न दुखणारी गाठ ही आमाशयाच्या किंवा उदरातील अन्य अवयवाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘जत्रुप्रदेशी ग्रंथि’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला डावी-उजवी बाजू कळत नाही आणि गाठ हाडाच्या वर आहे की खाली, हेही कळत नाही. ‘डाव्या अक्षकाच्या वर, कठीण, अचल, वेदनारहित ग्रंथि’ असे लिहिले, तर तीच चिठ्ठी त्या रुग्णाचे काही महिने वाचवू शकते. दुखापतीचे प्रमाणपत्र आणि विम्याची कागदपत्रे यांनाही हाच न्याय लागू आहे.

‘अक्ष’ या शब्दाचेच पाहा. अक्ष म्हणजे गाडीचा आस, अक्ष म्हणजे फासा, अक्ष म्हणजे बेहडा, आणि मानपरिभाषेत अक्ष म्हणजे कर्ष, जो आयुर्वेदिक फॉर्म्युलरीप्रमाणे १२ ग्रॅम धरला जातो. आस या अर्थाचा ‘अक्ष’ आणि लॅटिनमधील ‘आक्सिस’ हे सगोत्र आहेत. परंतु आधुनिक शारीरात ‘अॅक्सिस’ हा मानेचा दुसरा मणका आणि आपला अक्षक हे गळ्याचे हाड. म्हणजे जेथे शब्दांचे नाते खरे असते, तेथेसुद्धा ते एकाच अवयवाचे नाव असेल असे नाही. ध्वनिसाम्यावर विसंबणे चुकीचे आहेच. केवळ व्युत्पत्तीवर विसंबणेही पुरेसे नाही.

उपाय आपल्याच शास्त्रात आहे

मग विसंबावे कशावर? याचे उत्तर सुश्रुताने उत्तरतंत्रात देऊन ठेवले आहे. त्याने सांगितलेल्या ३२ तंत्रयुक्तींपैकी ‘पदार्थ’ ही एक होय. स्नेह, स्वेद, अंजन यांसारख्या शब्दांचे दोन-तीन अर्थ संभवतात, अशा वेळी मागच्या-पुढच्या संदर्भाशी जो जुळतो तोच घ्यावा, असा तिचा आशय आहे. चूर्णाच्या पाठात ‘अक्ष’ आला, तर ते मान की द्रव्य हे प्रकरणावरून ठरवायचे. त्याच रीतीने चिठ्ठीवर ‘क्लॅव्ह’ आला, तर ते हाड की प्रतिजैविक की कुरूप, हेही प्रकरणावरून ठरवायचे. तंत्रयुक्ती परीक्षेत गुण मिळविण्यापुरत्या पाठ करण्याच्या नाहीत. रोजच्या चिठ्ठीला त्या लावून पाहण्यासाठी आहेत.

लॅटिन आपली नाही, तिची उठाठेव कशाला, असे म्हणणारा एक पक्ष आपल्यात आहे. सर्वत्र इंग्रजी संज्ञाच वापराव्यात, संस्कृताचा अट्टहास नको, असे म्हणणारा दुसरा. आमच्या मते दोघेही अर्धेच बोलतात. पाश्चात्त्य शारीरातही एकेका अवयवाला अनेक नावे होती. १८९५ मध्ये बाझल येथे शारीरज्ञांनी सुमारे ५० हजार नावांतून सुमारे पाच हजार नावे निश्चित केली, आणि त्यानंतरही सुधारणा करीत राहिले. संज्ञांची शिस्त त्यांना आयती मिळाली नाही. ती त्यांनी प्रयत्नपूर्वक लावून घेतली. आपल्याकडेही त्या दिशेने पावले पडत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या रोगसंज्ञांचा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे प्रसृत झाला. आपण लिहिलेला शब्द यापुढे देशोदेशीच्या नोंदींशी जोडला जाणार असेल, तर तो निःसंदिग्ध असणे हे आपले कर्तव्य ठरते.

या संदर्भात आपल्या संघटनेपुढे आम्ही चार सूचना ठेवू इच्छितो.

१. केसपेपर, संदर्भचिठ्ठी व प्रमाणपत्र यांत हाडासाठी ‘अक्षक’ हीच संज्ञा वापरावी. तिच्यासोबत बाजू आणि भाग अवश्य लिहावा. ‘जत्रु’ ही संज्ञा शालाक्याच्या क्षेत्रमर्यादेपुरती ठेवावी.

२. रुग्णाने घेतलेल्या आधुनिक औषधाची नोंद करताना व्यापारी नावाची शेपटी न लिहिता औषधाचे मूळ नाव पूर्ण लिहावे. औषधविक्रेत्यांनीही रुग्णास तेच सांगावे.

३. निर्मात्यांनी नवीन कल्पास नाव देताना ते प्रचलित आधुनिक औषधाच्या नावासारखे ऐकू येत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. द्रव्याचे, गुणाचे किंवा ग्रंथोक्त कल्पाचे नाव जवळ असताना उसन्या लॅटिन अक्षरांची गरज क्वचितच पडेल.

४. या त्रैमासिकात ‘संज्ञाविचार’ असे एक पान कायम ठेवावे. प्रत्येक अंकात पाच संज्ञा घ्याव्यात. संहितेतील अर्थ, आधुनिक पर्याय, मराठी शब्द आणि गोंधळाची शक्यता अशा चार रकान्यांत त्या मांडाव्यात. वर्षाला वीस संज्ञा होतील. पाच वर्षांत शंभर संज्ञांची पुस्तिका प्रत्येक सभासदाच्या टेबलावर असेल.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. शारीर, शालाक्य, रसशास्त्र व द्रव्यगुण या विषयांच्या अध्यापकांनी, तसेच रोज चिठ्ठ्या वाचणाऱ्या औषधालयचालकांनी त्यात आपापला वाटा उचलावा. काउंटरवर होणारे गोंधळ त्यांच्याइतके कोणाच्याच पाहण्यात येत नाहीत, म्हणून पहिल्या पानासाठी पहिल्या पाच संज्ञा त्यांच्याकडूनच याव्यात, अशी आमची विनंती आहे.